खिडकीत ठेवलेला गूळ

आईचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात कुणाच्या तरी पित्ताशयाच्या ऑपरेशनची कागदपत्रं वाचत होते. आरोग्यविम्याच्या दाव्यांची छाननी हे माझं काम. दिवसभर लोकांची दुखणी वाचायची आणि संध्याकाळी ती सगळी आपल्यालाच झालीत अशा समजुतीत घरी जायचं. त्यामुळं आईचा फोन अवेळी आला की उचलायच्या आधीच मी मनात आजारांची यादी काढायला लागते.

“सुजे, तुझा बा टक्कल करून बसलाय,” आई म्हणाली.

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? शाहूवाडीला गेलाय. श्रामणेर झालाय. मला म्हणला शिबिर बघून येतो. बघाय गेला आणि बसला की तिथंच. फोन बी जमा केलाय म्हणं.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बौद्ध घरांमध्ये पुरुषमाणसं कधीतरी आठ-दहा दिवसांसाठी श्रामणेर होतात. डोकं, दाढी, मिशी सगळं भादरायचं, चीवर नेसायचं, विहारात राहायचं, ध्यानाला बसायचं. शिबिर संपलं की चीवर उतरवून माणूस घरी येतो आणि पुन्हा भाजी आणायला लागतो. तेवढ्या दिवसांत मात्र तो कुणाचा बाप नसतो, कुणाचा नवरा नसतो. घरच्यांनीही त्याला भंते म्हणायचं आणि वाकून वंदन करायचं. आणि दुपारी बारानंतर त्यानं जेवायचं नाही.

हा शेवटचा नियम आठवला आणि मी समोरची फाइल मिटली. आप्पांना मधुमेह आहे. गेल्या दिवाळीत जेवायला उशीर झाला आणि साखर उतरून ते स्वयंपाकघरात आडवे झाले होते. आईनं तोंडात साखर कोंबली म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्या घरात ‘आप्पा जेवले का’ हे वाक्य दिवसातून किती वेळा बोललं जातं, विचारू नका. आणि आता हा माणूस बारानंतर उपाशी, डोंगरात, फोनशिवाय.

“तू जा आणि घेऊन ये,” आई म्हणाली. “मी न्हाय जाणार. ज्या माणसाचं बनियन मी रोज धुतो, त्येला भंते म्हणू व्हय?” (आमच्याकडं बायकाही ‘धुतो, जातो, येतो’च म्हणतात. बिचकू नका.)

मी रजा टाकली. नवरा म्हणाला, “अगं, तिथं लोक असतील की.” लोक असतील हे मलाही माहीत होतं. लोक असताना काय काय होतं, ते मी रोज ऑफिसात वाचते.

पुण्याहून सकाळची गाडी पकडली. कोल्हापूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या जयसिंगपूरला थांबतात, आधी बघून घ्या. डिसेंबर असल्यामुळं सातारा मागं पडेपर्यंत हवेत गारवा होता आणि पुढं दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. मिरजेला गाडी बराच वेळ थांबते. चहा प्यायला उतरायला हरकत नाही, पण मी उतरले नाही. मी मोबाइलवर ‘साखर कमी झाल्याची लक्षणं’ वाचत होते. ती मला पाठ आहेत, तरी वाचत होते. शेजारच्या बाईनं खिडकीबाहेर बोट दाखवून काहीतरी छान दाखवलं, मी हो म्हणाले. काय होतं ते आता आठवत नाही.

जयसिंगपूरला माहेरी आईनं गाठोडं तयार ठेवलं होतं. साखर तपासायचं मशीन, स्वेटर आणि कागदात बांधलेला काळपट, बिनरसायनी गूळ. “गूळ त्यांना बारानंतर बी चालतोय, औषध म्हणून,” आई म्हणाली. “मी विचारलंय शेजारच्या ताईला.” म्हणजे भंते म्हणणार नाही म्हणून हटून बसलेली बाई नियम मात्र विचारून आली होती. सकाळी ती माझ्या आधी उठली आणि भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी असा डबा भरला. “बाराच्या आत पोच. बारा वाजून गेले तर त्यो खाणार न्हाय. तुला म्हाईत हाय त्येचा सोभाव.”

माहीत आहे. आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. कंडक्टरनं दोन घंट्या दिल्याशिवाय गाडी तसूभर हलवायची नाही, हा त्यांचा धर्म. एकदा कंडक्टर घंटी द्यायची विसरून डुलक्या घेत होता आणि आप्पा अख्खी गाडी भरलेली घेऊन स्टँडवर बसून राहिले, ही गोष्ट डेपोत अजून सांगतात. लोक ओरडत होते, आप्पा समोर बघत होते.

जयसिंगपूर ते कोल्हापूर एसटी भरपूर आहेत आणि बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या नादाला लागू नका. फक्त गळिताच्या दिवसांत वेळ हाताशी ठेवा. पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर असला की बस बैलगाडी होते. कोल्हापूरच्या स्टँडबाहेर मिसळ खाल्ली, चव कळली नाही. मग मलकापूरची बस धरली. मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्याचं गाव, रत्नागिरी रस्त्यावर, आंबा घाटाच्या अलीकडं. रस्ता रुंद करायचं काम चाललंय, त्यामुळं झाडं लाल धुळीनं माखलेली आणि बस दर थोड्या वेळानं थांबलेली. मी घड्याळ बघत होते आणि मांडीवरचा डबा गार होत होता.

बांबवड्याला एक म्हातारी शेजारी येऊन बसली. बसल्याबरोबर चौकशी.

“कुणाकडं निघालीस गं?”

“वडिलांकडं.”

“आजारी हायत?”

“नाही. विहारात आहेत. श्रामणेर झालेत.”

“म्हंजे साधू?”

“थोड्या दिवसांसाठी.”

“आन् तू कशाला चाललीस?”

“परत आणायला.”

म्हातारीनं मला नीट बघून घेतलं. “आमचा म्हातारा रुसला की भाताच्या खळ्यावर जाऊन झोपतोय. तुझा बरा की, छपराखाली तरी हाय.” मग थोड्या वेळानं, “त्यो म्हणलाय का तुला, ये म्हणून?”

मी डब्याचं झाकण पुन्हा घट्ट लावलं. त्याच वेळी पुढं रोलर आडवा आला आणि बस पुन्हा थांबली.

मलकापुरातून विहाराच्या गावाला वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप मिळते. भरल्याशिवाय सुटत नाही. ती भरेपर्यंत मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, किती वेळ. दोन्ही बाजूंना भात कापून झालेली खाचरं, त्यात उभे राहिलेले बुडखे, कुठं मळणी चाललेली. ही वाट खरंच सुंदर आहे. तुम्ही जाल तेव्हा माझ्या वाटचंही बघून घ्या.

पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते.

विहार म्हणजे टेकडीच्या उतारावर एक पांढरी इमारत, आत बुद्धमूर्ती, मागं पत्र्याच्या शेडमध्ये राहायच्या खोल्या. भोजनाची भांडी घासून पालथी घातलेली होती. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या शांतामावशींनी माझ्या हातातला डबा बघितला आणि जीभ चावली. “थोडं आधी यायचं न्हवं ताई. आता उद्या सकाळी.” मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “तू खा. बापाच्या नावानं आणलंस, लेकीनं खाल्लं. काय बिघडलं?” पाहुण्यांना तिथं राहायला बायकांची वेगळी खोली आहे, सतरंजी आणि चादर मिळते. पैसे मागत नाहीत, जाताना दानपेटीत टाकायचे. थंडी चांगलीच असते, पांघरूण आपलं न्या.

आप्पा त्यांच्या खोलीत खिडकीशी चटईवर बसले होते. मी त्यांना ओळखलंच नाही. चीवरातून बाहेर आलेला बारीकसा उघडा खांदा, मिशी नाही, आणि डोक्यावर कानाच्या मागं एक लांब जुना व्रण. चाळीशी उलटली माझी, आणि हा व्रण मला माहीत नव्हता. मी तीनदा वाकून वंदन केलं. “वंदामि भंते,” म्हणाले. म्हणताना आई आठवली आणि हसू यायला लागलं, पण ते रडण्याच्या फार जवळचं होतं.

“सुखी होतु,” आप्पा म्हणाले. नियमानं म्हणतात तेच.

“गोळ्या घेताय?”

“घेतोय.”

“रात्रीची?”

“रात्री न्हाय घेत. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली, इकडं यायच्या आधी विचारलं मी.”

“साखर तपासू?”

“सकाळी इथल्या मशीनवर तपासली. बरी हाय.”

त्यांचं हे असं तुटक, शांत बोलणं मला सहन होईना. घरी असते तर ते म्हणाले असते, बस, पाणी पी, गाडीला गर्दी होती का. इथं ते माझ्याकडं वडाप स्टँडवरच्या अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघत होते.

“आप्पा, घरी चला.”

“इथं आप्पा न्हाय,” ते म्हणाले.

मला माहीत होतं की नियमच तसा आहे. तरी माझं डोकं फिरलं. इतक्या लांबून, धूळ खात, डबा घेऊन आलेल्या लेकीला हा माणूस सांगतो की इथं आप्पा नाही. मी पिशवीतून गुळाचं पुडकं काढलं आणि त्यांच्या चटईशेजारी खिडकीच्या कठड्यावर ठेवलं. “हा गूळ ठेवलाय. काही वाटलं तर खावा,” म्हणाले आणि निघून आले.

त्या दुपारी मी बरंच चालले. विहाराच्या मागून एक पाऊलवाट टेकडीवर जाते. वरून खालची खाचरं आणि लांबवर घाटाकडचे डोंगर दिसतात, दमछाक होत नाही. वर बसून मी मनात वाद घातला. आप्पांशी, आईशी, शिबिर घेणाऱ्या भंतेंशी, न आलेल्या नवऱ्याशी. सगळे वाद मी जिंकले आणि खाली आले.

संध्याकाळी ध्यान असतं, पाहुण्यांनाही बसता येतं. शिबिराचे मुख्य भंते हे मूळचे कुरुंदवाडचे, उंच, आवाज खणखणीत, पूर्वी किराणा दुकान चालवायचे. “श्वास आत येतोय ते बघा, बाहेर जातोय ते बघा. एवढंच काम. एवढं बी हुतंय का बघूया,” म्हणाले. मी डोळे मिटले. पहिला श्वास बघितला. दुसऱ्या श्वासाला मी पुण्यात होते, फ्रिजमधलं दूध नासलं असेल का. तिसऱ्याला आप्पांच्या अंत्यसंस्काराला किती माणसं येतील याचा हिशेब लागला होता. मी दचकून डोळे उघडले आणि पुरुषांच्या रांगेत बघितलं. आप्पांची जागा रिकामी होती.

मी उठले. उठायचं नसतं. बाजूच्या बाईनं हातानं खुणावलंही, बसा म्हणून. मी चपला न घालता शेडकडं पळाले. स्वयंपाकघराच्या दारातून शांतामावशींनी मला बघितलं आणि त्या मागून आल्या.

आप्पा दुपारी होते तिथंच, तसेच मांडी घालून बसले होते. अंगावरचं चीवर घामानं छातीला चिकटलं होतं. डिसेंबरची संध्याकाळ, आम्ही सगळे स्वेटरात. त्यांचे हात मांडीवर थरथरत होते. आणि नजर खिडकीत ठेवलेल्या पुडक्यावर होती. हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर ते होतं. दोरी सोडलेलीही नव्हती.

“आप्पा! गूळ खाल्ला का नाही तुम्ही?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. जीभ जड झाली होती. “दिला न्हाईस,” ते म्हणाले.

“अहो, ठेवला होता की इथंच!”

“ठेवलास. दिला न्हाईस.”

मला काही समजेना. मला वाटलं साखर डोक्यात चढली म्हणा, उतरली म्हणा, ते बरळताहेत. मागून शांतामावशी ओरडल्या, “अगं हातात दे ताई, हातात! दिल्याबिगर घेत न्हाईत ते, पहिल्या दिवशी शिकवलंय त्यांना. दे आधी!”

न दिलेलं घ्यायचं नाही, हे शील तर आम्ही सगळेच लहानपणापासून म्हणत आलोय. चोरी करायची नाही, असा त्याचा सरळ अर्थ. भिक्खूंकडं तो आणखी बारीक होतो: कुणी हातात दिल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. तोंडानं मी म्हणाले होते, खावा म्हणून. पण माझ्या आप्पांना त्या पहिल्या दिवशी ‘हातात’ एवढंच ऐकू आलं असणार. दोन घंट्या झाल्याशिवाय गाडी न हलवणारा माणूस, घामानं भिजून, गुळासमोर बसून घंटी व्हायची वाट बघत होता.

दोरीची गाठ सुटेना. मी ती दातानं तोडली. मावशींनी गडव्यातलं पाणी वाटीत ओतलं, मी त्यात गूळ कुस्करला. बाईनं भंतेंना हात लावायचा नसतो, हे मला माहीत होतं. मावशींनी तो विचारच केला नाही, सरळ मागं बसून त्यांची पाठ आपल्या छातीला टेकवून धरली. मी वाटी दोन्ही हातांनी पुढं केली.

“भंते, घ्या,” म्हणाले. मग, “आप्पा, घ्या.”

त्यांनी दोन्ही हात उचलले. थरथरत होते म्हणून मी वाटी सोडली नाही. चार हातांत ती वाटी त्यांच्या ओठांपर्यंत गेली.

आता पुढचं लिहिताना मला सावध राहायला हवं. असल्या ठिकाणी जाऊन आलेली माणसं प्रकाश दिसला वगैरे लिहितात. मला काही दिसलं नाही. वाटीची कड दिसली, तिच्यावरचा पोचा दिसला, आप्पांचा घोट गळ्यातून खाली जाताना दिसला, मग दुसरा घोट. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोक्यात ‘पुढं काय होईल’ हे नव्हतं. ते वाचतील का, हेसुद्धा नव्हतं. मी नव्हतेच म्हटलं तरी चालेल. देणं चाललेलं होतं, घेणं चाललेलं होतं. मला वाटतं, लोक ज्याच्यासाठी डोंगर चढतात ते हेच असावं. ते किती वेळ टिकलं सांगता येणार नाही, वाटीभर.

वाटी रिकामी झाली आणि भीती दाणकन परत आली. मी धावत जाऊन बायकांच्या खोलीतून आईनं दिलेलं मशीन आणलं.

मशीनवर आकडा पन्नाशीच्या आसपास होता, गुळाचं पाणी पोटात गेल्यावरही. मग आणखी गूळ दिला. आकडा सावकाश वर चढला. आप्पांच्या डोळ्यांत ओळख आली. “किती वाजलं?” त्यांनी विचारलं. भंते ध्यान सोडून आले होते. त्यांनी जीप मागवली आणि आम्ही आप्पांना, चीवरासकट, मलकापूरला डॉक्टरांकडं नेलं. आप्पा पुढच्या सीटवर बसले आणि प्रत्येक वळणावर त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता. ते बघून मी मागं बसून रडून घेतलं.

डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या तेव्हा उलगडा झाला. रात्रीची गोळी रात्री घ्यायची नाही म्हणून आप्पा ती सकाळच्या गोळीबरोबरच घेत होते. “वाया कशाला घालवायची,” म्हणाले. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला, सलाइन लावलं, बराच वेळ ठेवून घेतलं आणि एकच गोळी लिहून दिली. मला आप्पांवर ओरडायचं होतं. भंतेंनी ती जबाबदारी घेतली.

“अहो, नियम माणूस जागा व्हावा म्हणून हाय, आडवा व्हावा म्हणून न्हाय. आजाऱ्याला वेगळा नियम, मी सांगितलं हुतं का न्हाय?”

“सांगितलं हुतं,” आप्पा म्हणाले.

“मग?”

“मला वाटलं मी आजारी न्हाय.”

भंते माझ्याकडं वळले. “तुझं नाव काय बाळ?”

“सुजाता.”

त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा आप्पांकडं बघितलं. उपासानं खंगलेल्या सिद्धार्थाला खिरीचं पात्र नेऊन देणाऱ्या बाईचं नाव सुजाता. आमच्यात चार घरांमागं एक सुजाता असते. “आणि ठेवून गेलीस व्हय?” एवढंच ते म्हणाले आणि जीपवाल्याला हाक मारायला निघून गेले.

सकाळी मी आईचाच डबा घासूनपुसून पुन्हा भरला, मावशींच्या भाकरीनं, आणि वेळेत दिला. हातात. आप्पा सावकाश जेवले. जेवताना बोलायचं नसतं म्हणून मी वाट बघितली. मग आम्ही शेडच्या पायरीवर उन्हात बसलो, मध्ये अंतर ठेवून.

“का आलात इथं?” मी विचारलं. “खरं सांगा.”

“दिवाळीत पडलो बघ,” आप्पा म्हणाले. “डोळ्यापुढं अंधार आला. वाटलं, संपलं. आणि त्या वक्ताला मनात काय आलं ठावं हाय? गॅस बंद केला का न्हाय.” त्यांनी पायरीवरचा खडा उचलून बाजूला ठेवला. “तू न्हाईस, तुझी आई न्हाय. गॅस. शुद्धीवर आल्यापास्नं ते डोक्यातनं जाईना. म्हणलं, पुढच्या वेळंला तरी मन जाग्यावर असावं. म्हणून आलो.”

“आणि काल? काल काय होतं मनात?”

ते ओशाळल्यासारखे हसले. मिशी नसल्यामुळं ते हसू सबंध दिसलं. “काल गूळच हुता की गं.”

मी हसले आणि मग हसणं थांबेना.

“मला ऱ्हायचंय शेवटपर्यंत,” आप्पा म्हणाले. “पण घरच्यांनी परवानगी द्यावी लागती. तुझ्या आईची घेतली न्हाय, ते चुकलं माझं. तू दे.”

मी त्यांना न्यायला आले होते. पिशवीत त्यांचा शर्ट-पँटही होता, आईनं इस्त्री करून दिलेला. नाही म्हटलं असतं तर ते आले असते, हे मला कळत होतं. आणि घरी येऊन खिडकीशी बसले असते आणि आम्ही दोघींनी त्यांना विचारलं असतं, जेवला का. काल त्यांच्या गळ्यातून उतरणारा घोट मी बघितला होता. रात्रभर सतरंजीवर जागी राहून दर तासाला त्यांच्या खोलीच्या दाराशी जाऊनही आले होते. दोन्ही गोष्टी मीच केल्या होत्या.

“देते,” म्हणाले. “पण रोज संध्याकाळी मावशी साखर तपासणार आणि मला आकडा कळवणार.”

“मी कळवतो की,” मावशी आतून ओरडल्या. त्या सगळं ऐकत होत्या.

निघताना मी पुन्हा तीनदा वाकले. “सुखी होतु,” आप्पा म्हणाले. नियमानं म्हणतात तेच, पण या वेळी आवाज घरचा होता.

परतीला वडाप लगेच मिळाली, बसही. तरी कोल्हापूरला मुक्काम करायचा तर रंकाळ्यावर संध्याकाळी जरूर जा, मी गेले नाही. मी सरळ जयसिंगपूर गाठलं आणि आईला सगळं सांगितलं. ती इस्त्रीचे कपडे पिशवीतून काढून पुन्हा घडी घालत राहिली. “परवानगी तू दिलीस व्हय,” म्हणाली. “माझी राहिली की मग.” दुसऱ्या दिवशी ती एकटी एसटीनं शाहूवाडीला गेली. तिथं भंते म्हणाली का, हे तिनं आजवर मला सांगितलेलं नाही.

पुण्यात परत आले ती तशीच. बदलून वगैरे आले नाही. संध्याकाळी मावशींचा आकडा यायला उशीर झाला की माझी नखं दातांत. शिबिर संपलं, आप्पा घरी आले, मिशीचे खुंट फुटले. आता आईची नवी तक्रार असते. “चहा ठेवला की पीत न्हाय. हातात द्यावा लागतोय. रिटायर झाल्यावर नवं थेर.” मागून आप्पांचा आवाज येतो, “विसरतोय गं मी, ठेवलेला.” आणि आई म्हणते, “काय विसरत न्हाय.”

गेल्या रविवारी सकाळी मी नवऱ्याला चहा केला. रोज मी त्याच्या लॅपटॉपशेजारी कप ठेवते आणि पुढच्या कामाला लागते. तो चहा गार होतो, मग तो मायक्रोवेव्हमध्ये जातो. रविवारी कप दोन्ही हातांत धरून मी त्याच्यासमोर उभी राहिले. त्यानं वर बघितलं.

“काय झालं? आप्पा बरे आहेत ना?”

“बरे आहेत. घे.”

त्यानं घेतला. मीही माझा कप घेऊन शेजारी बसले. बाहेर कुणाच्या तरी गच्चीवर गादी झोडपायचा आवाज येत होता. आम्ही तो ऐकत चहा प्यायलो. चहा संपला, मी दोन्ही कप उचलले आणि स्वयंपाकघराच्या दारात आल्यावर माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात एकदाही मला गॅसची आठवण झाली नव्हती. मग मात्र मी पळत जाऊन बघितलं. बंद होता.